ताईची गोळी

मास्तरीण पुढे कित्येकदा सांगत राहिली की त्या सकाळी काहीसुद्धा वेगळं घडलं नव्हतं. केळं रोजच्यासारखंच कुस्करलं होतं, अण्णा रोजच्यासारखेच खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, आणि गोळीची पूड केळ्यात कालवताना तिनं रोजच्यासारखंच दार लोटून घेतलं होतं.

दार लोटायचं ते नवऱ्याला कळू नये म्हणून. हा अण्णांचा आणि सुनेचा आपापसातला करार होता. हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आल्यावर अण्णांचे हातपाय हळूहळू वठणीवर आले, बोलणंही परत आलं. घसा मात्र रुसून बसला तो बसलाच. गोळी जिभेवर नुसती फिरत राहायची, पाण्याचा घोट भलत्याच वाटेनं जायचा आणि ठसका लागून डोळे पांढरे व्हायचे. उभं आयुष्य औषधांच्या दुकानात काउंटरमागे काढलेल्या माणसाला हे फार लागलं होतं.

"पोरांना बोलू नकोस," त्यांनी सुनेला बजावलं होतं. "गोळ्या विकून वाढवलं त्यांना. आता बाप गोळीला घाबरतो म्हणून सांगू?"

सुट्टीच्या दिवशी धाकटा, म्हणजे तिचा नवरा, टेबलाशी समोर असला की अण्णा ऐटीत गोळी तोंडात टाकायचे, पाणी प्यायचे, मान हलवायचे. मुलगा उठला की ती रुमालात काढून सुनेच्या हातात द्यायचे. मास्तरीण शाळेत मुलांची चोरी एका नजरेत पकडायची, पण घरात ती स्वतःच या चोरीत सामील होती, आणि खरं सांगायचं तर तिला त्याची गंमतही वाटायची. सासऱ्यानं एवढा विश्वास घरात दुसऱ्या कुणावर टाकला नव्हता.

केळं संपलं. वाटी विसळून ती शाळेची पिशवी भरत होती, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "पायाखाली पाणी आलंय."

"कुठे पाणी?" तिनं वाकून पाहिलं. फरशी कोरडी ठणठणीत होती.

"खूप पाणी," ते म्हणाले. त्यांचा चेहरा आधी लाललाल झाला आणि मग बघता बघता राखेसारखा पडला. कपाळावर घाम डवरला. मान एका बाजूला कलली.

"झोपू दे गं त्यांना," आतून सासूबाई म्हणाल्या. "रात्री डोळ्याला डोळा नव्हता."

"आई, हे झोपणं नाही!" मास्तरीण ओरडली, आणि शाळेची पिशवी टाकून फोनकडे धावली.

*

धाकटा दुकानाचं शटर अर्धं ओढून तसाच दवाखान्यात पळत आला. अण्णांना पडद्याआड नेलं होतं. बाहेर बाकावर आई आणि बायको बसलेल्या, दोघींच्या मध्ये अण्णांच्या औषधांची पिशवी.

तरुण डॉक्टरीण बाहेर आली. ती कोड्यात पडली होती आणि ते लपवायचा तिनं प्रयत्नही केला नाही. धाकट्याला त्याचं बरं वाटावं की भीती वाटावी तेच कळेना.

"रक्तदाब फारच खाली गेलाय," ती म्हणाली. "आधी वाटलं पुन्हा झटका असेल. पण मेंदूच्या फोटोत नवीन काही दिसत नाही. ठोके पळताहेत. जंतुसंसर्ग म्हणावा तर ताप नाही."

"मग आहे काय?"

"तेच शोधतोय. आज काय काय औषधं घेतली त्यांनी?"

"रोजचंच," मास्तरीण म्हणाली.

"रोजचंच," धाकटाही म्हणाला.

दोघंही खरंच बोलत होते. मास्तरणीच्या लेखी दाबाची गोळी ती दाबाची गोळी. आणि धाकट्याच्या लेखी आदल्या रात्री त्यानं पिशवीत फक्त पाकीट बदललं होतं, औषध तेच होतं. दिवसातून तीनदा घ्यायच्या गोळीऐवजी आता एकदाच घ्यायची गोळी. घरात तिला 'ताईची गोळी' म्हणत, कारण ती त्याच्या थोरल्या बहिणीनं बनवली होती. ती अण्णांना सुरू करावी असं धाकट्याच्या मनात कधीपासून होतं. त्यानं रीतसर त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं होतं. "हरकत नाही," डॉक्टर म्हणाले होते. "गिळता येते ना गोळी?" आणि धाकटा छाती फुगवून म्हणाला होता, "माझ्यासमोर गिळतात की!" बापानं लेकीच्या हातची गोळी घ्यावी, यापरतं दुसरं कौतुक ते कोणतं?

"मीपण दिली होती ना गोळी," आई मध्येच म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"कोणती गं आई?"

"पांढरी."

"कधी?"

"सकाळी." तिनं बोटांवर मोजून पाहिलं. "का काल?"

"आई, नीट आठव. हा पोरखेळ नाही."

"आठवतंय म्हणूनच सांगतेय ना! ओरडतोस काय?"

डॉक्टरणीच्या कपाळावरच्या आठ्या वाढल्या. दोनदा दिली गेली असेल तर सगळंच चित्र बदलत होतं. धाकट्यानं पिशवी बाकावर उपडी केली. दाबाच्या गोळीचं पाकीट नवंकोरं होतं, एकच घर रिकामं. म्हणजे आईनं ती दिली नव्हती. तिनं दिली होती ती ताकदीची गोळी, बहुतेक काल, कदाचित परवा.

त्यानं पाकीट डॉक्टरणीपुढे धरलं. "कालपर्यंत साधी होती. आज पहिल्यांदाच ही घेतली. पण ही तर दिवसभर थोडं थोडं औषध सोडणारी."

डॉक्टरणीनं नाव वाचलं. "मग हिच्यामुळे असं एकदम कोसळणार नाहीत. उलट ही सावकाश काम करते." तिनं पाकीट परत दिलं. "हृदयाच्या नळ्या बघाव्या लागतील. आत तार घालून. या वयात धोका आहे, पण वाट बघण्यातही आहे. तुम्ही घरच्यांनी ठरवा आणि सांगा."

मास्तरीण पाकिटाकडे टक लावून बघत होती. आपण त्यातली गोळी कुस्करली हे सांगावं का? पण मग अण्णांचं गुपित फुटणार, तेही ते आत असे पडलेले असताना. आणि सांगून तरी काय उपयोग? कुस्करलं तर चालतं हे तर खुद्द ताईनंच तिला सांगितलं होतं. तिनं पाकीट नवऱ्याच्या हातातून घेतलं आणि पिशवीत परत टाकलं.

"ताईला येऊ दे," धाकटा म्हणाला. "ती म्हणेल तसं करू."

*

ताईनं कोणता रोग बरा केला, हा प्रश्न नातेवाइकांनी तिला आयुष्यभर विचारला होता. "एकही नाही," असं ती म्हणायची, आणि समोरच्याचा चेहरा पडायचा. मग तिला समजावत बसावं लागायचं, की औषध शोधणारी माणसं वेगळी. शोधलेलं औषध शरीरात नेमक्या जागी, नेमक्या वेळी, नेमकं हवं तेवढंच कसं पोचवायचं, हे तिचं काम. "म्हणजे ताई औषधांची हमाली करते," असं धाकटा लग्नाकार्यात सांगायचा आणि सगळे हसायचे. तीही हसायची. त्यात फारसं खोटं नव्हतं.

त्या एका गोळीत तिची सगळी तरुणाई गेली होती. कोमट पाण्याच्या काचेच्या भांड्यांत गोळ्या सोडायच्या, वल्ह्यासारखी पाती फिरवत ठेवायची आणि पाण्यात औषध किती उतरलं ते मोजत राहायचं. भोवतालचं आवरण जाड झालं तर औषध आतच कुजायचं. पातळ झालं तर धरण फुटल्यासारखं सगळं एकदम बाहेर. नवऱ्यानं एकदा वैतागून विचारलं होतं, की इतकी वर्षं तू पाण्यात गोळी विरघळायची वाट बघतेस, ती तर कुणाच्याही घरी विरघळते. ताई म्हणाली होती, "पण माझी सावकाश विरघळायला हवी." तो नवरा पुढे वेगळा झाला. गोळी मात्र जमली. म्हाताऱ्या माणसांना दिवसातून तीन वेळा आठवण ठेवायला नको, सकाळी एक घेतली की निवांत, हे तिचं स्वप्न होतं, आणि ते पुरं झालं होतं.

ती प्रयोगशाळेतून तशीच आली, पांढरा कोट अंगात. डॉक्टरणीशी बोलताना तिनं पडद्याआड पाहिलं. अण्णांचे डोळे अर्धवट मिटलेले. घरच्यांना वाटलं होतं ती आल्यावर सगळं सुटसुटीत होईल, पण ती नुसतीच उभी राहिली.

"सुरुवातीला चेहरा लाल झाला होता का?" तिनं विचारलं.

"हो," मास्तरीण म्हणाली. "लाल, आणि मग एकदम पांढराफटक."

"न्याहारीनंतर किती वेळानं?"

"लगेचच म्हणा ना. वाटी विसळली आणि..."

ताईच्या डोळ्यांपुढे एक जुना आलेख आला. खूप वर्षांपूर्वी गोळ्यांच्या एका घाण्याचं आवरण तडकलं होतं. जी रेघ घाटाच्या वाटेसारखी सावकाश चढायची, ती भिंतीसारखी ताठ उभी राहिली होती. तो घाणा तिनं स्वतः टाकून दिला होता. तसलं काही बाहेर गेलेलं असणं शक्य नव्हतं. की होतं? ती घाबरली. अण्णांसाठी घाबरली की गोळीसाठी, हे त्या क्षणी तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

"ही गोळी कुणी फोडली का?" तिनं विचारलं. "चावली? तुकडे केले?"

"छे!" धाकटा म्हणाला. "अण्णा अख्खी गिळतात. माझ्यासमोर."



"केळ्यातून देते ना ही," आई म्हणाली, जणू ते सगळ्या जगाला ठाऊक होतं. "कुटून. मऊ पूड करते अगदी. हात चांगला आहे तिचा."

धाकट्यानं बायकोकडे पाहिलं. मास्तरीण नवऱ्याकडे न बघता ताईकडे बघत होती.

"तुम्हीच म्हणाला होतात, ताई," ती हळू आवाजात म्हणाली. "मी फोन केला होता. दाबाची गोळी कुस्करली तर चालेल का, विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, चालेल."

ताईला तो फोन आठवला. मागे यंत्राची घरघर चालू होती, कुणीतरी दारात खोळंबलं होतं. विचारलं होतं ते जुन्या गोळीबद्दल, आणि तिला खरंच चालत होतं. उत्तर बरोबर होतं. फक्त कुस्करायची वेळ का आली, हे विचारायचं तिला सुचलं नव्हतं.

"ती साधी होती," ताई म्हणाली. "ही फोडली की दिवसभराचं औषध एका दमात आत जातं." आणि ती डॉक्टरणीकडे वळली. "तार घालू नका. हृदयाचं काही नसावं. माझी गोळी आहे, मी सांगते."

"तुमची म्हणजे?"

"मी बनवलेली."

डॉक्टरणीनं आणखी दोन प्रश्न विचारले आणि आत धावली. पडद्यामागून तिचे भराभर हुकूम ऐकू यायला लागले, कुणीतरी सलाइनची दुसरी बाटली नेली, इंजेक्शनाचं काहीतरी ओरडून विचारलं गेलं. जाता जाता ती एवढंच म्हणाली होती, "औषध चढलंय तसं उतरेलही. तोवर त्यांना तगवायचं."

*

अण्णा आत तग धरून होते, तोवर बाहेर भांडण पेटलं.

"मला का नाही सांगितलंस?" धाकटा बायकोला म्हणत होता. "औषधाचं दुकान आहे माझं! रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला मी सांगतो, ही फोडू नका, ही चावू नका. आणि माझ्याच घरात..."

"अण्णांनी शपथ घातली होती."

"शपथ! शपथेवर रक्तदाब चालतो का?"

"आणि तुम्ही मला सांगितलंत का गोळी बदलली म्हणून? रात्री गुपचूप पिशवीत ठेवलीत."

"गुपचूप नव्हे. सरप्राइज द्यायचं होतं अण्णांना. दुपारी सांगणार होतो, की सकाळपासून तुमच्या पोटात ताईची गोळी आहे."

हे ऐकून मास्तरणीला हसू आलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. धाकट्याला काय करावं सुचेना. तो तिच्या शेजारी बसला, परत उठला, आणि बहिणीवर उखडला.

"पाकिटावर मोठ्या अक्षरांत का लिहीत नाही तुम्ही लोक?"

"लिहिलेलं आहे," ताई म्हणाली.

"मुंगीच्या अक्षरात!"

"अरे, पण लिहिलेलं आहे ना?"

"मग झालं! म्हणजे तुझी काही चूक नाही. नेहमीच्या डॉक्टरांची नाही, ते विचारून मोकळे झाले. माझी नाही, मी परवानगी घेतली होती. हिची नाही, हिनं तुला विचारलं होतं. मग माझा बाप आत आडवा कसा पडलाय, ते तरी सांग मला!"

ताई प्रत्येकाची बाजू मनात उभी करून बघत होती आणि प्रत्येक बाजू खरी निघत होती. प्रयोगात असं झालं असतं तर तिनं एकेक गोष्ट बदलून पाहिली असती आणि दोष हुडकला असता. इथे काय बदलून बघणार? सुनेचं प्रेम कमी करून? भावाचा अभिमान काढून घेऊन?

"तुम्ही दोघं शिकलेले," आई मध्येच म्हणाली, "म्हणून तुम्हाला नीट भांडता येतं. मला एवढंच सांगा, ते जेवणार कधी?"

आईच्या मनात नेमकं काय चाललंय हे अलीकडे कुणालाच कळत नसे. ती घाबरली होती की तिला अजून काही उमगलंच नव्हतं? ताई तिच्याजवळ जाऊन बसली, तेव्हा आईनं तिचा हात घट्ट धरला. आईचा हात बर्फासारखा गार होता. उमगलं होतं तर.

दुपार कलताना डॉक्टरीण बाहेर आली. "दाब वर येतोय," ती म्हणाली. "शुद्धीवर आहेत. चिडचिड करताहेत."

"मग बरे आहेत," धाकटा म्हणाला आणि बाकावर उपडी केलेली औषधं पिशवीत भरायला लागला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा उशीला टेकून बसले होते. आवाज खोल गेला होता, पण नजर ताळ्यावर होती. ताई एकटीच जवळ होती.

"तुझी होती म्हणे ती गोळी," अण्णा म्हणाले.

"हो."

"फार कडू गं. जहर कडू. केळ्यातसुद्धा लपली नाही. जुनी एवढी कडू नव्हती."

"ती तशी जिभेवर यायचीच नव्हती, अण्णा."

"ते खरं. पण मला वाटलं, औषध कडू आहे म्हणजे चांगलं असणार. म्हणून खाल्लं सगळं." त्यांनी पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. "मी सांगायला हवं होतं का गं तुम्हाला?"

ताईनं हो म्हणायला तोंड उघडलं, आणि तिला वाटलं, आपण तरी कुठे बघितलं? दर आठवड्याला आपण घरी येतो, त्यांचा दाब मोजतो, आणि ते कसे गिळतात हे एकदाही पाहिलं नाही. तिनं कपात थोडं पाणी ओतलं आणि चमचा त्यांच्यापुढे धरला.

"एक घोट घ्या. मला बघायचंय."

अण्णांनी तिच्याकडे संशयानं पाहिलं. मग त्यांनी हनुवटी छातीकडे वाकवली, डोळे मिटले, आणि एक चमचाभर पाणी घशातून उतरवायला इतकी धडपड केली की ताईनं नकळत स्वतःच आवंढा गिळला. काचेच्या भांड्यात पाणी कसं गोळीभोवती निमूट फिरतं. ही वाट मात्र तिनं कधी मोजलीच नव्हती.

मग धाकटा, मास्तरीण आणि आई आली. मास्तरणीनं शाळेत रजा टाकली होती. नवरा-बायकोत रात्री समेट झाला असावा, कारण दोघं एकाच बाजूला बसली. ताईनं तेव्हाच सांगून टाकलं.

"मला हे कंपनीत कळवावं लागेल. औषधानं काही विपरीत झालं की त्याची नोंद होते. नियम आहे, आणि तो बरोबर आहे."

"कळव की," धाकटा म्हणाला. "नाव न घेता."

"नाव नको. पण कसं दिलं, कुणी दिलं, सगळं सांगावं लागेल."

मास्तरणीचा चेहरा उतरला. "म्हणजे मी."

"ताई, घरातलं घरात राहू दे," धाकटा म्हणाला. कालचा त्याचा सगळा त्वेष आता बायकोची ढाल झाला होता. "बातमी काय राहते? उद्या गिऱ्हाईक म्हणेल, ज्याच्या घरात औषधाचा असा घोळ, त्याच्याकडून मी औषध घेऊ? आणि ही शाळेत तोंड कसं दाखवेल? अण्णा बरे झाले ना? मग मिटलं."

"आपल्यापुरतं मिटलं."

"तुझंच नाव खराब होईल."

"होणार नाही," ताई म्हणाली. "तेच तर. तिथले लोक वाचतील, सूचना छापलेली होती असं म्हणतील, आणि 'घरच्यांची चूक' असा शेरा मारून बाजूला ठेवतील. मलाही पटेल ते. काल रात्रभर मला पटतच होतं." तिनं पलंगाकडे पाहिलं. "पण असे किती अण्णा असतील? ज्यांच्यासाठी बनवली त्यांनाच ती गिळता येत नसेल, तर मी कुणासाठी बनवली? मला कळत नाहीये. खरंच कळत नाहीये. म्हणून तर कळवायचं."

"तुला कळत नाही आणि बळी हिचा?"

"बळी कुणाचाच नाही रे."

"मग हिला मध्ये कशाला आणतेस?"

पुन्हा सगळं गोल फिरून तिथेच आलं. अण्णा डोळे मिटून पडले होते. आई त्यांच्या पांघरुणाच्या घड्या सारख्या करत होती, आणि केलेल्या घड्या परत मोडत होती. बघता बघता ताईनं फोन काढला, खिडकीशी गेली आणि कंपनीचा नंबर लावला. धाकटा उठला, पण मास्तरणीनं त्याची बाही धरली. का धरली, ते तिलाही सांगता आलं नसतं.

पलीकडून एका मुलीचा आवाज आला, नवखा, पाठ केलेला. खोली इतकी शांत होती की शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"रुग्णाशी आपलं नातं?"

"मुलगी."

"गोळी फोडून देण्यात आली?"

"हो."

"कुणी दिली?"

ताई वळली. समोर चार माणसं. "मी," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं की..."

"आणा तो इकडे," मास्तरीण म्हणाली. ती उठली, तिनं सरळ ताईच्या हातातून फोन घेतला आणि वर्गात शिरल्यासारखा आवाज लावला. "मी सून बोलतेय. मी दिली. या काय सांगणार, या घरी नव्हत्या. लिहून घ्या. आधी दोन चमच्यांच्या मध्ये दाबायची, मग बारीक करायची. नाही, खलबत्ता नाही. हो, केळ्यातून. कारण त्यांना गिळता येत नाही. नाही हो, डॉक्टरांना माहीत नव्हतं. नवऱ्यालाही नव्हतं."

"मला माहीत असायला हवं होतं," धाकटा फोनच्या दिशेनं ओरडला. "पाकीट मी बदललं, तेही लिहा!"

"कोण बोलतंय मध्ये?" मुलीनं विचारलं.

"माझे यजमान. औषधाचं दुकान आहे त्यांचं."

"दुकान? मग औषध दुकानदारानं दिलं की तुम्ही?"

"मीपण एक दिली होती," आई म्हणाली. "पांढरी."

"त्या सासूबाई. त्यांचं सोडा. म्हणजे, लिहिलंत तरी चालेल."

ताईनं कपाळाला हात लावला. पलीकडची मुलगी आता पुरती गोंधळली होती. तिच्या पाठ केलेल्या प्रश्नांत असं घर बसत नव्हतं. "एक मिनिट हं," ती केविलवाणं म्हणाली. "मला एवढंच सांगा, रुग्णाला गिळायचा त्रास नेमका कधीपासून आहे? आणि घरात कुणालाच कसा कळला नाही?"

मास्तरणीनं पलंगाकडे पाहिलं. मग धाकट्यानं पाहिलं, मग ताईनं.

अण्णांनी डोळे उघडले होते. सुई टोचलेला हात जपून बाजूला ठेवत त्यांनी दुसरा हात पुढे केला.

"आण इकडे," ते म्हणाले.

"अण्णा, तुम्ही बोलू नका, घसा..."

"घसा बोलायला चालतो. गिळायलाच चालत नाही."

फोन त्यांच्या हातात गेला. त्यांनी तो कानाला लावला, उशीवर जरा सरसावून बसले, आणि काउंटरवर कोपर टेकवून उभ्या असलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "हां, बोला बाई. घाई नाही. काय काय हवंय, सावकाश सांगा."